पोट लहान करण्याचे ऑपरेशन : करावे की न करावे?

भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना आपले वजन वाढल्याचे काट्यापेक्षा पायऱ्याच आधी सांगतात. टेंभीपाडा असो, तुळशेतपाडा असो की हनुमाननगर, ज्या चढावर काही वर्षांपूर्वी पाण्याचा हंडा घेऊन जाता येत होते, त्याच चढावर रिकाम्या हाताने दोनदा थांबावे लागू लागले की घरात विषय निघतो. कोणी म्हणते थायरॉईड असेल. कोणी म्हणते भात बंद कर. शेजारीण काढा सुचवते. आणि अलीकडे एक सल्ला हमखास ऐकू येतो, "आता पोट कापून लहान करतात म्हणे, तेच एकदा करून टाक!"

"करून टाक" हे शब्द सोपे आहेत, पण हे काम दाढ काढण्याइतके सोपे नाही. ते वाईटही नाही. योग्य रुग्णाला योग्य वेळी हे ऑपरेशन नवे आयुष्य देते. चुकीच्या कारणासाठी, कर्ज काढून आणि पुढची तयारी न करता केले, तर तेच घराला जड जाते. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, होय किंवा नाही म्हणण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, एवढेच या लेखात मांडले आहे.

लठ्ठपणा म्हणजे आळशीपणा नव्हे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जाड माणूस खादाड आणि आळशी असतो, असे आपण सहज बोलून जातो. पहाटे चारला उठून डबे करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, रात्री अकराला पाठ टेकणारी बाईही जाड असू शकते. ती आळशी कशी?

आपल्या अनेक कुटुंबांचे मूळ मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात, कोकणात आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेले आजी-आजोबा अजून काही घरांत आहेत. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्यांच्या नातवंडांना आज लठ्ठपणा आणि मधुमेह व्हावा, याचे आश्चर्य वाटते. पण पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात असे दिसले की आपल्याकडची बाळे वजनाने कमी आणि अंगाने बारीक जन्मतात, तरी त्यांच्या शरीरात मांस कमी आणि चरबी त्या मानाने अधिक असते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे आपल्या माणसाला थोडे वजन वाढले तरी अधिक बाधते.

त्यात मुंबईचे जगणे. पाळीची नोकरी, अपुरी झोप, लोकलमधले तास, भुकेला स्वस्त म्हणून वडापाव, चहाबरोबर खारी-बिस्किट, फिरायला मैदान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. म्हणजे दर चार माणसांत जवळजवळ एक. हा एकट्यादुकट्याचा दोष नव्हे.

राजा पसेनदीची गोष्ट

संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही, त्याला लाजवले नाही. जेवणात मात्रा जाणण्याविषयी एक गाथा तेवढी सांगितली. राजाने आपल्यामागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्याला ऐकवण्याचे काम मोबदला देऊन त्याच्यावर सोपवले. हळूहळू राजाचे जेवण द्रोणावरून नाळीभर मापावर आले आणि त्याचे अंग हलके झाले.

या गोष्टीत दोन धडे आहेत. एक, राजाला कोणी हिणवले नाही. दोन, राजानेही हे एकट्याच्या बळावर केले नाही. जेवणाच्या वेळी आठवण देणारा एक माणूस त्याच्याजवळ होता. ऑपरेशन करा किंवा करू नका, या दोन गोष्टी प्रत्येक घरात लागतातच.

मात्र सगळ्यांना केवळ आहार आवरून गुण येत नाही, हेही खरे. वजन फार वाढलेले असले की शरीर तेच वजन धरून ठेवू पाहते. खाणे कमी केले की भूक वाढवते आणि शक्ती वाचवू लागते. म्हणून कमी झालेले पाच-सात किलो सहा महिन्यांत परत येतात. अशा रुग्णासाठीच ऑपरेशनचा विचार पुढे येतो.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने करतात. प्रमुख प्रकार दोन आहेत. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा, म्हणजे अन्नाच्या पिशवीचा, सुमारे पाऊण भाग कापून काढतात आणि उरलेली पिशवी एखाद्या केळ्यासारखी अरुंद राहते. भूक लावणारे संप्रेरक बहुतांशी त्याच कापलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. 'बायपास' या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. मधुमेह जुना असेल किंवा छातीत जळजळ फार असेल, तर डॉक्टर बरेचदा बायपास सुचवतात.

कातडीखालची चरबी नळीने ओढून काढतात ते 'लायपोसक्शन' निराळे. तो आकार सुधारण्याचा उपाय आहे. त्याने मधुमेह किंवा श्वासाचा त्रास बरा होत नाही.

कोणासाठी आहे?

यासाठी एक साधा हिशेब आहे. किलोमधले वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. समजा एखाद्या भगिनीची उंची १५५ सेंटीमीटर, म्हणजे १.५५ मीटर आहे. तिचे वजन ९८ किलो असेल तर आकडा येतो ४०.८. वजन ७८ असेल तर सुमारे ३२.५ आणि ६८ असेल तर २८.३.

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या नियमानुसार आकडा ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार, अशांना हे ऑपरेशन सुचवावे असे होते. भारतीयांना कमी वजनातही आजार जडतात म्हणून आपल्याकडे ही मर्यादा ३७.५ आणि ३२.५ धरली जाऊ लागली. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी ती आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढे विचार करावा असे म्हटले.

परंतु आकडा बसला म्हणजे ऑपरेशन झालेच पाहिजे असे नाही. त्याबरोबर आजार पाहावा लागतो. गोळ्या-इन्सुलिन घेऊनही शुगर उतरत नाही, बीपी आवरत नाही, गुडघे गेले आहेत, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, या गोष्टी गंभीर आहेत. रिक्षा किंवा बस चालवणाऱ्या माणसाला सिग्नलवर झोप येत असेल, तर तो प्रवाशांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

आधी थायरॉईडची तपासणी करावी. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉईडच्या गोळ्या चालू आहेत का, पाळीच्या तक्रारी आहेत का, हे डॉक्टरांना सांगावे. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने निदान काही महिने मनापासून पथ्य आणि चालणे करून पाहावे. २०२५ पासून वजन उतरवणारी आठवड्याला एकदा घ्यायची नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण ती महाग आहेत आणि बंद केली की वजन बरेचसे परत येते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत. "पंधरा दिवसांत दहा किलो" अशा लोकलच्या डब्यातल्या जाहिराती मात्र वाचून सोडून द्याव्यात.

वर्तमानपत्रातले फोटो आणि आपण

मुंबईत या ऑपरेशनचा गाजावाजा झाला तो २०१७ मध्ये. इजिप्तची इमान अहमद ही ३६ वर्षांची तरुणी सुमारे ५०० किलो वजनाची होती. ११ फेब्रुवारीला तिला मालवाहू विमानाने मुंबईत आणून क्रेनने सैफी रुग्णालयात चढवले. ७ मार्चला डॉ. मुफझल लकडावाला यांच्या पथकाने तिचे स्लीव्ह ऑपरेशन केले. तिचे वजन खूप उतरले. पण तिला आधीच पक्षाघात झालेला होता, हृदय आणि मूत्रपिंडेही आजारी होती. प्रकृती किती सुधारली यावरून कुटुंबीय आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचा तेथे मृत्यू झाला.

त्याआधी २०११ मध्ये नागपूरचे नेते नितीन गडकरी यांनी मुंबईत असे ऑपरेशन करून घेतले होते आणि ते पुढेही जोमाने काम करीत राहिले. एक उदाहरण ऐकून घाबरू नये आणि दुसरे ऐकून हुरळून जाऊ नये. आपला निर्णय आपल्या आजारावरून करावा. वजन उतरले तरी वर्षानुवर्षे बिघडलेले सगळे अवयव पूर्ववत होतातच असे नाही, एवढे मात्र इमानच्या बाबतीत दिसले.

फायदा किती, धोका किती?

पहिल्या एक-दोन वर्षांत साधारणपणे एकूण वजनाचा पाव हिस्सा किंवा थोडा अधिक उतरतो. म्हणजे ९८ किलोची व्यक्ती ७० ते ७५ च्या आसपास येते. ती चित्रपटातल्या नटीसारखी होत नाही. अनेकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात राहतो, विशेषतः आजार नवा असेल आणि इन्सुलिन सुरू झालेले नसेल तर. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांचे ऑपरेशन झाले होते. सरासरी सुमारे अकरा वर्षांनी, २००७ मध्ये, असे जाहीर झाले की ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते.

दुसरी बाजूही पाहावी. टाक्यांच्या ठिकाणी गळती, रक्तस्राव, पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे असे धोके असतात. अनुभवी ठिकाणीही हजारात एक ते तीन रुग्ण दगावू शकतात. पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, ते बहुधा परत येतात. कातडी लोंबते. काही वर्षांनी थोडे वजन पुन्हा वाढते, आणि खाण्याची जुनी सवय परतली तर बरेच वाढते.

नंतरचे घर कसे असेल?

ऑपरेशन दोन तासांचे, पण पथ्य जन्माचे. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने ऐकावे.

रुग्णालयातून दोन-चार दिवसांत घरी सोडतात. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग मऊ कालवलेले आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण. तेही तळहातावर मावेल एवढे, सावकाश चावून. जेवताना पाणी प्यायचे नाही, मध्ये अर्धा तास सोडायचा. बैठे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होते, पण हंडा उचलणे, हमाली, बांधकाम यांना महिना-दीड महिना थांबावे लागते. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडेल, ती हिशेबात धरावी.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. महागड्या डब्यांवाचूनही बरेचसे साधता येते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. कोंबडी, मासे, जवळा, सुकट, मूग, मसूर, दही हे आपल्या स्वयंपाकघरातलेच पदार्थ आहेत. सुकट-जवळा मात्र नीट धुऊन मीठ घालवावे आणि बेताने खावा. ताटात आधी अंडे किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी-भात.

लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासावे लागते. ती सोडली तर पंडुरोग होतो, हाडे ठिसूळ होतात, हातापायांच्या नसा बिघडतात. वारंवार उलट्या झाल्या तर अंगावर न काढता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, विशेषतः बायपासनंतर, त्यांनी आत जखम होते. तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू आधीच सोडावी. ऑपरेशननंतर दारू फार लवकर चढते आणि तिचे व्यसनही लवकर लागते. ज्या भगिनींना मूल हवे आहे त्यांनी नंतर वर्ष-दीड वर्ष थांबावे. जे पौर्णिमेला उपोसथ पाळतात, त्यांनी तो कधीपासून आणि कसा पाळावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पैशाचा हिशेब

मुंबईतल्या खाजगी रुग्णालयात या ऑपरेशनला साधारण अडीच-तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत किंवा अधिकही खर्च येतो. म्हणून आधी मोठ्या पालिका किंवा सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून शस्त्रक्रिया विभागात विचारावे. कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपले कामगार विम्याचे कार्ड घेऊन मुलुंडच्या कामगार विमा रुग्णालयात चौकशी करावी. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवून तेथील समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचावी किंवा वाचून घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवलेल्या शब्दांनुसार विमेदार १८ वर्षांवरील असावा, डॉक्टरांचा सल्ला असावा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा. ३५ च्या पुढे असेल तर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा आणि आधीचे साधे उपाय निष्फळ ठरलेले असावेत. म्हणजे डॉक्टर ३३ ला ऑपरेशन सुचवतील, पण विमा कंपनी पैसे देईलच असे नाही. कंपनीची लेखी मंजुरी हाती आल्याशिवाय भरती होऊ नये. खोलीचे कागद गहाण टाकून किंवा सावकाराकडून पैसे उचलून हे ऑपरेशन करू नये, कारण खरा खर्च तेथे संपत नाही. गोळ्या आणि तपासण्या दरमहाच्या यादीत तांदूळ, गॅस आणि मुलांच्या फी शेजारी कायमच्या बसतात.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या कोणत्या आजारासाठी आपण हे सुचवता? न केल्यास काय होईल?
२. माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का?
३. आपण अशी किती ऑपरेशने केली? त्यांत अडचणी किती आल्या?
४. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ येथे भेटतील का?
५. अडचण आली तर त्या उपचाराचा खर्च कोणाकडे?
६. नंतरच्या तपासण्या किती वर्षे, आणि त्यांना किती पैसे?

उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. चिडून उत्तर देणारा किंवा "उद्याच भरती व्हा, सूट आहे" म्हणणारा डॉक्टर असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

निर्णय कोणाचा?

आपल्या घरांत पुरुषाचे पोट सुटले तर "खाऊन-पिऊन सुखी" म्हणतात आणि बाई जाड झाली तर टोमणे मारतात. लग्न जमत नाही म्हणून मुलीचे ऑपरेशन करायला निघालेले पालक आहेत, आणि शुगर तीनशेवर गेली तरी "आता या वयात कशाला" म्हणून सासूला, आईला थांबवणारी मुलेही आहेत. दोन्ही चूक. लग्नासाठी, फोटोसाठी, कोणाच्या बोलण्याला कंटाळून हे ऑपरेशन करू नये. आणि आजार खरा असेल, डॉक्टर सांगत असतील, तर केवळ बाईमाणूस आहे म्हणून टाळूही नये.

ज्याच्या पोटावर टाके पडणार, होय किंवा नाही म्हणण्याचा पहिला अधिकार त्याचा. त्याने होय म्हटले, तर पुढचे काम घरातल्या सर्वांचे. रविवारच्या मटणाचा आग्रह न करणे, तिच्यासाठी डाळ वेगळी काढून ठेवणे, गोळ्यांची आठवण देणे, तपासणीच्या दिवशी खाडा करून बरोबर जाणे. पसेनदी राजाला हे काम मोबदला देऊन करून घ्यावे लागले. आपल्या घरात ते नवऱ्याने, मुलाने, सुनेने आपुलकीने करावे. असे करणारे एक जरी माणूस घरात मिळत नसेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी तेवढे माणूस आधी तयार करावे.